पगार वाढवता येत नाही, पण माणसे टिकवायची आहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशात हार्डवेअर, रंग आणि टाइल्सचे दुकान, मागे गोदाम, मालक सोडून अकरा माणसे. गेल्या वर्षभरात काउंटरवरचे दोन जाणते मुलगे सोडून गेले, एक हॉटेलात आणि एक मोठ्या शोरूममध्ये. सगळ्यांचा पगार वाढवण्याइतका नफा नाही, पण वर्षाला तीसेक हजार रुपये बाजूला काढता येतील. त्यातून दर महिन्याला ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फलक, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मिठाईचा डबा आणि डिसेंबरात सगळ्यांना एक जेवण असा बेत आहे. बरोबर आहे का?

बार्देश आणि डिचोली भागातल्या अशाच दुकानांची आणि लहान वर्कशॉपांची पगारपत्रके सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यावरून सांगतो. जेवण ठेवा, मिठाई बदला, फलक लावू नका. आणि तीस हजारांतला पहिला रुपया खर्च करण्याआधी, पैसे न लागणाऱ्या काही गोष्टी आहेत त्या आधी करा. त्या केल्या नाहीत तर तीस काय, साठ हजार घातले तरी फरक पडणार नाही.

पहिली गोष्ट पगाराची तारीख. मागच्या महिन्याचा पगार सात तारखेच्या आत हातात पडला पाहिजे, हा कायदाच आहे. लहान दुकानांत पगार लांबतो तो पैसे नसतात म्हणून कमी, शेट पणजीला गेले होते म्हणून जास्त. इकडे मुलाचा स्कूटरचा हप्ता पाच तारखेला कापला जायचा असतो. खात्यात पैसे नसले की बँक दंड लावते, आणि तो पाचशेच्या आसपास असतो. म्हणजे चवथीला दिलेला मिठाईचा डबा तुम्ही त्याच्या खिशातून आधीच वसूल केलेला असतो. एक तारीख ठरवा, ती रविवारी आली तर शनिवारी पगार द्या, आणि वर्षभर एकदाही चुकू नका. याला कोणी बक्षीस म्हणणार नाही, पण सोडून गेलेल्या माणसांशी निवांत बोललात तर पहिली तक्रार बहुधा याच्याच आसपासची निघते.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली पिट्सबर्ग परिसरातल्या दोनेकशे इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना कामातले चांगले-वाईट प्रसंग विचारून एक मांडणी केली होती. माणूस ज्या गोष्टींनी वैतागतो त्या वेगळ्या आणि ज्यांनी त्याला कामात रस वाटतो त्या वेगळ्या. वैताग दूर केल्याने रस आपोआप येत नाही, पण वैताग तसाच ठेवून वर बक्षीस चढवले तर ते उपहासासारखे वाटते. त्या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण आमच्या धंद्यात एवढा भाग रोज खरा ठरतो.

वैतागाच्या यादीत तुमच्या दुकानात मी आधी संडास बघेन. आतून कडी लागते का? पाणी येते का? हिशेब लिहिणाऱ्या बाईला शेजारच्या दुकानात जावे लागते का? त्यानंतर दुपार. आपल्याकडे एक ते साडेतीन शटर खाली. म्हापशात घर असलेला जेवून, पडून परत येतो. पण दोडामार्ग, पेडणे, डिचोलीकडून येणारा मुलगा जाणार कुठे? तो गोदामात सिमेंटच्या पोत्यांवर आडवा होतो. एक भिंतीवरचा पंखा, दोन चटया, डबा खायला टेबल आणि पाण्याचा फिल्टर, एवढ्याला पाच-सात हजार लागतील आणि ते एकदाच. तुमच्या तीस हजारांतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच ठरेल.

आणि शेवटची बस. आठला दुकान बंद करताना एखादे गिऱ्हाईक कमोडच्या रंगावर अडून बसते, आणि मुलाची बस चुकते. मग वाटेत लिफ्ट माग, नाहीतर घरून कोणाला तरी बोलाव. ज्याची बस सव्वासातची आहे तो सातला सुटेल आणि त्याच्याऐवजी सकाळी अर्धा तास आधी येईल, हे एकदा ठरवून टाका. रोज ‘शेट, जाऊ का’ विचारायला लावणे हा दोघांचाही अपमान आहे.

आता कायद्याचे. अकरा माणसे म्हटल्यावर तुम्ही दहाच्या वर आहात, त्यामुळे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) तुम्हाला लागू होते. यातले काहीही बक्षीस म्हणून मिरवू नका, पण लपवूही नका. पंधरा हजार पगाराच्या माणसामागे ईएसआयचे मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे महिना ४८७ रुपये ५० पैसे जातात, त्याचे स्वतःचे ०.७५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. एवढे भरून काय मिळते हे तुमच्या किती माणसांना ठाऊक आहे? आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळू शकते, बायको-मुलांवर उपचार होतात, बाळंतपणाला २६ आठवड्यांची भरपगारी रजा ईएसआय महामंडळाच्या खर्चाने मिळते. मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत कार्ड काढलेले असते आणि घरच्यांची नावे घातलेली नसतात. एका दुपारी सगळ्यांना बसवून ती नावे भरून घ्या. तुम्ही पैसे तर देतच आहात, निदान ते दिलेले दिसू तरी देत.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. पाच वर्षे झालेल्या कायम माणसाला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. दर महिन्याला मूळ पगाराच्या सुमारे ४.८ टक्के बाजूला टाकत गेलात तर ते जमते, नाहीतर जुना माणूस निघताना तोंड लपवायची पाळी येते. वर्षातून एकदा चिठ्ठीवर लिहून द्या की आजपर्यंत तुझे इतके झाले. चार वर्षे झालेला मुलगा त्या आकड्याकडे बघून एक वर्ष थांबतो, हे मी खात्रीने सांगतो.

बोनसचा कायदा वीस माणसांपासून लागतो, म्हणजे तुम्हाला नाही. पण म्हापशात चवथीपूर्वी काहीतरी द्यावेच लागते. कायद्यातला किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, म्हणजे एक पगार. तेवढे झेपत नसेल तर अर्धा द्या, पण किती देणार ते जूनमध्येच सांगा. आयत्या वेळी पाकीट उघडून बघणारा माणूस आत काय आहे ते मोजत नाही, शेजारच्या दुकानात किती मिळाले ते मोजतो.

आता वेळ, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. गोव्यात लहान मालकाकडे पैसे कमी असतील, पण वेळ वाटण्याचा अधिकार पूर्ण त्याच्या हातात असतो. मोठ्या हॉटेलाला आणि साखळी शोरूमला ते जमत नाही. तिथे रजेचा अर्ज चार ठिकाणी फिरतो आणि ऐन सिझनमध्ये परत येतो. तुमचा मुलगा जिथे गेला तिथे त्याला दोन-तीन हजार जास्त मिळत असतील, पण चवथीला तो घरी असेलच असे नाही.

तुमच्या धंद्याची अडचण अशी की लोक घरे रंगवतात ती चवथीच्या तोंडावरच. पाऊस जरा उघडला की रंग, पुट्टी, ब्रश यांची झुंबड. म्हणजे माणसाला सगळ्यात जास्त राबवण्याचे तीन आठवडे आणि त्याला घरी सगळ्यात जास्त गरज असण्याचे दिवस एकाला एक चिकटून येतात. तो तुमच्याकडे डबे मिसळत असतो आणि त्याच्या मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला माणूस नसतो. यावर उपाय पाकीट नव्हे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कागद लावा: आदल्या दिवशी, माटोळीच्या बाजाराला, दुपारी एकनंतर कोण सुटणार, कोणाकडे दीड दिवसांचा गणपती, कोणाकडे पाच, कोण कधी परत येणार. दुकानात ख्रिस्ती माणूस असेल तर चवथीला तो सांभाळेल आणि नाताळला बाकीचे, ईदला तसेच, आणि बेळगावकडच्या हमालाला त्याच्या गावच्या जत्रेला सलग चार दिवस, कारण प्रवासातच एक जातो. ही वाटणी त्यांनी आपसात ठरवायची, तुम्ही फक्त काउंटर रिकामा राहत नाही एवढे बघायचे. एकदा लिहिले की मग फोन करून ‘जरा दोन तास येऊन जा’ म्हणायचे नाही. तिथे सगळे मातीत जाते.

एक सावधगिरी. जादा तासांचा दुप्पट दर कायद्याने ठरलेला आहे. सुट्टी दिली म्हणून तो माफ होत नाही. सुट्टी ही त्याच्या वर.

जत्रांचे महत्त्व बाहेरच्या मालकांना कळत नाही, तुम्हाला कळायला हरकत नाही. तुमच्या अकरांत एखादा तरी गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकात काम करणारा असेल, एखादा भजनी मंडळात असेल. तालमींच्या पंधरवड्यात तो रात्री उशिरा झोपतो आणि सकाळी डोळे चोळत येतो. त्याला ते दिवस दहाला येऊ द्या. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत त्याचे मंडळ उतरले असेल तर तो दिवस न विचारता मोकळा द्या. आणि जमल्यास नाटकाला जा, पहिला अंक तरी बघा. गावात ‘शेट नाटकाला आले होते’ ही बातमी वर्षभर पुरते. फुटबॉल खेळणाऱ्यालाही हेच लागू.

भेटवस्तूंकडे वळतो. रोख द्यावे की वस्तू, हा वाद जुना आहे. जर्मनीत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची यादी संगणकावर चढवायला काही तासांसाठी विद्यार्थी घेतले होते. काहींना ठरलेल्या मजुरीवर अचानक सात युरो जास्त दिले, काहींना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली कागदात गुंडाळून दिली. रोख मिळालेल्यांचे काम सुमारे पाच टक्के वाढले, बाटलीवाल्यांचे सुमारे पंचवीस. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली गंमत पुढे आहे: तेच पैसे नोटेची घडी घालून, शर्टाचा आकार देऊन दिले तेव्हा काम बाटलीइतकेच, किंबहुना थोडे जास्त वाढले. म्हणजे जादू बाटलीत नव्हती. देणाऱ्याने आपल्यासाठी काहीतरी विचार केला, वेळ घातला, हे दिसले. अर्थात ते काही तासांचे काम होते. पंधरा हजारांवर घर चालवणाऱ्याला बाटली दाखवून पगारवाढ टाळता येईल असा त्याचा अर्थ काढू नका.

म्हणून मिठाईचा डबा नको. चवथीत प्रत्येक घरात चार डबे येतात आणि तुमचा डबा शेजारी जातो. त्यापेक्षा नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, सामान द्या. रवा, चण्याची डाळ, गूळ, तूप, आणि नारळ. नारळाचे भाव बघता दहा नारळ घेऊन घरी जाणाऱ्या माणसाचे स्वागत वेगळे होते. ख्रिस्ती माणसाला हेच नाताळच्या आधीच्या आठवड्यात, त्याच्या पद्धतीने. जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलांच्या वह्या आणि दप्तर. पोराला कुठली वही लागते, एकेरी रेघ की चौकट, हे आधी विचारा. ते विचारणे हीच निम्मी भेट.

टेम्पोवरच्या मुलांना रेनकोट आणि गमबूट देताना मात्र फोटो काढू नका. ती अवजारे आहेत, भेट नव्हे.

फलकाबद्दल का एवढा विरोध? अकरा माणसांत दर महिन्याला एक निवडायचा म्हणजे तीन महिन्यांनी पाळी सुरू होते आणि मग सगळ्यांना कळते की हे नुसते फिरते आहे. पाळी नाही लावली तर काउंटरवरचा दिसतो आणि गोदामातला दिसत नाही. हजेरीवर द्यावे म्हणाल तर तोही अनुभव लोकांनी घेतला आहे. अमेरिकेत कपडे धुण्याच्या पाच कारखान्यांपैकी एकात पूर्ण हजेरी देणाऱ्यांसाठी बक्षीस सुरू केले होते. उशिरा येणारे काही दिवस वेळेवर आले, आणि महिन्यात एकदा चुकून बक्षिसातून बाद झाले की पुन्हा पहिल्यासारखे. पण आधीपासून वेळेवर येणारे जे होते, त्यांचाच उत्साह गेला. जे आपण न मागता करत होतो त्याला आता इनाम लावले आहे, तेही दुसऱ्यांसाठी, असे त्यांना वाटले असावे. एकूण उत्पादकता १.४ टक्के घसरली. तुमच्याकडेही दहा वर्षे पावणेनऊला शटर उघडणारा कोणीतरी असेलच. फलकाने दुखावला जाईल तो तोच.

त्याला काय द्यायचे? अधिकार. दोनशे रुपयांपर्यंतची सूट त्याने तुम्हाला न विचारता द्यावी. फुटका नळ परत आला तर बदलून द्यावा की नाही हे त्याने ठरवावे. आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे वळून ‘शेट, तुम्हीच सांगा, पाऊण इंची लागेल की एक?’ म्हणाले, तर त्याच्याकडे बोट दाखवा: ‘हें ताका विचारात, म्हाका तितकें कळना.’ प्लंबर लोकांसमोर म्हटलेले हे वाक्य फलकावरच्या फोटोपेक्षा जास्त दिवस टिकते. फक्त त्याने दिलेली सूट तुम्ही मागून काढून घ्यायची नाही. नुकसान झालेच तर दोनशेचे झाले.

आता एक नाजूक विषय, पण रंगाच्या दुकानाला टाळता येणार नाही. कंपन्यांच्या स्कीम. अमुक इतके लिटर विकले की मिक्सर, तमुक इतके विकले की चांदीचे नाणे, त्याच्या वर परदेशवारी. माल विकतो काउंटरवरचा मुलगा, पेट्या उचलतो गोदामातला, आणि मिक्सर शेटच्या घरी तिसरा होऊन माळ्यावर पडतो. हे सगळे बघत असतात. परदेशवारी तुमची, त्याबद्दल कोणी बोलणार नाही. पण वस्तू आणि नाणी दुकानात वाटली जातील असे जाहीर करा आणि आलेली वस्तू सगळ्यांसमोर फोडा. तुमच्या खिशातून एक पैसा जात नाही. कंपनी पणजीला किंवा मडगावला नव्या मालाची माहिती द्यायला बोलावते तेव्हाही तुम्ही जाऊन जेवून येण्याऐवजी काउंटरवरच्याला पाठवा. माहितीचा उपयोग त्यालाच आहे.

रोख बक्षीस अजिबात नको असे नाही. जिथे नुकसान मोजता येते तिथे ते चालते, आणि तुमच्याकडे ती जागा टाइल्सची आहे. समजा गेल्या वर्षी चाळीस हजारांच्या टाइल्स चढ-उतारात फुटल्या. यंदा पंचवीस हजारांच्या फुटल्या तर वाचलेल्या पंधरातले निम्मे, साडेसात हजार, गोदामातल्या आणि टेम्पोवरच्या पाच जणांत सारखे. प्रत्येकी दीड हजार. एकट्याला नाही, सगळ्यांना, म्हणजे नवा मुलगा पेटी आडवी ठेवतो आहे हे जुना त्याला सांगेल. फूट मोजायची ती साठ्याच्या मोजणीवरून. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावरून मोजलीत तर फुटलेल्या टाइल्स रात्रीतून नाहीशा होतील. आणि फूट वाढली म्हणून पगारातून कापायचे नाही. तसे केले की ती पहिली योजनाही मेली.

उचल हा वेगळा मुद्दा आहे, दोन ओळींत सांगतो. आजारपण, घराची कौले, शाळेची फी यासाठी बिनव्याजी उचल द्या, पाच-सहा हप्त्यांत वळती करा, दोघांच्या सहीने वहीत लिहा. कारण चारचौघांत विचारू नका. पावसाळ्यात कौलांसाठी दिलेले दहा हजार परत येतात आणि त्यावरचे व्याज वर्षानुवर्षे येत राहते. पण आधीची उचल फिटल्याशिवाय दुसरी नाही, हा नियम तुमच्या लाडक्या माणसालाही लावा.

डिसेंबरातले जेवण ठेवा म्हणालो, पण दिवस बदला. डिसेंबरात हॉटेले महाग आणि गर्दीची. त्याऐवजी दुकानाच्या वर्धापनदिनी किंवा साठामोजणी संपल्याच्या दिवशी, दुपारी, घरच्यांसकट. रात्री ठेवलेत तर बायका येत नाहीत आणि पुरुषांचे काय होते ते तुम्हाला माहीत आहे.

शिकवण्यावर खर्च करावा की नाही, शिकून निघून गेला तर? टेम्पोवरच्या मदतनिसाला हलक्या वाहनाचा परवाना काढून द्या, हिशेब लिहिणाऱ्या मुलीला टॅली या संगणकावरच्या हिशेबाचा वर्ग लावा. त्यातले काही जातील. पण न शिकवलेलाही जातोच, आणि राहिला तर ते जास्त महाग पडते.

आणि गोव्यात माणूस जातो तो बहुतेक वेळा सरकारी नोकरीसाठी. त्याच्याशी तुम्ही स्पर्धा करू शकत नाही, करूही नका. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा असली की मुले पोटदुखीचे कारण सांगतात आणि तुम्ही ऐनवेळी काउंटरवर एकटे पडता. परीक्षेला आणि मुलाखतीला भरपगारी सुट्टी उघडपणे देऊन टाका, अट एवढीच की चार दिवस आधी सांगायचे. नोकरी लागलीच तर तोच मुलगा महिनाभर थांबून नव्याला शिकवून जाईल, शिवाय पुढे स्वतःचे घर बांधताना सामान तुमच्याकडूनच नेईल. अर्ज भरायला दुकानातला संगणक आणि प्रिंटर वापरू द्या.